मानवाचा उगम, दोन क्रेडिट आणि जालन्याची एसटी: ऑनलाइन कोर्स आखताना



पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं, की आज ना उद्या गाईडकडून एक काम येतंच: "पदवीच्या मुलांसाठी एक छोटा ऑनलाइन कोर्स तयार करून दाखवा." माझ्या वाट्याला विषय आला मानवाचा उगम. विद्यार्थी जालना जिल्ह्यातले, बी.ए. आणि बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचे, अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन अशा भागांतले. दोन क्रेडिट, म्हणजे ३० तास. आणि अट एकच: नुसते व्हिडिओ चढवून मोकळं व्हायचं नाही, मुलांनी त्यात काहीतरी करायला हवं.

मी हा कोर्स तीनदा आखला आणि दोन आराखडे फेकून दिले. ते का फेकले, हे सांगितलं तर तुमच्या सिनॉप्सिसला उपयोग होईल असं वाटतं. कारण कोर्स आखणं आणि संशोधनाचा आराखडा करणं यात चुका सारख्याच होतात.

पहिला आराखडा दिसायला झकास होता. पंधरा घटक. डार्विन, मग साहेलॅन्थ्रोपस, मग ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो हॅबिलिस, होमो इरेक्टस, निअँडरथल, शेवटी आपण. प्रत्येक घटकाला एक व्हिडिओ आणि दहा वस्तुनिष्ठ प्रश्न. मॅडमनी कागद उलटसुलट केला आणि समासात एवढंच लिहिलं: "यात विद्यार्थी काय करणार?" मी म्हटलं, "बघतील, प्रश्न सोडवतील." त्या म्हणाल्या, "ते तर गाईड घेऊनही करतात." (इथे गाईड म्हणजे बाजारात मिळतं ते पुस्तक, गैरसमज नको.)

दुसरा आराखडा याच्या बरोबर उलटा झाला. थेट वर्ग, गटचर्चा, कवट्यांची त्रिमिती मॉडेल्स मोबाईलवर फिरवून बघायची. स्मिथसोनियन संस्थेच्या मानव-उगम विभागाच्या संकेतस्थळावर अशी मॉडेल्स मोफत बघता येतात, सुंदर आहेत. मी आठ-दहा ओळखीच्या मुलांवर चाचणी घेतली. कवटी उघडेपर्यंत दोघांचे फोन गरम झाले, एकाचा त्या दिवसाचा डेटा संपला, आणि एक मुलगी निघूनच गेली, कारण घरात फोन एकच आणि भावाचा ऑनलाइन क्लास त्याच वेळी. तिने नंतर मेसेज केला, "सर, कवटीचा साधा फोटो पाठवला तरी चाललं असतं." खरंच चाललं असतं. कवटीच्या चार बाजूंचे चार फोटो, खाली सेंटिमीटरची पट्टी. मोजायला घरातली फूटपट्टी. संवाद साधायला लागतो तो चांगला प्रश्न, तिथे महागडं तंत्रज्ञान असलंच पाहिजे असं नाही. हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या वेळी मी शेवटापासून सुरुवात केली. विगिन्स आणि मॅकटाय या दोघांनी १९९८ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. आधी ठरवायचं की कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे. मग ते त्याला येतंय याचा पुरावा काय असेल ते. आणि सगळ्यात शेवटी, कुठला व्हिडिओ, कुठला पाठ. आपण नेमकं उलटं करतो. सिनॉप्सिसमध्येही आधी "प्रश्नावली वापरणार" असं लिहितो आणि मग ती कशासाठी याचा विचार करतो.

मी शेवट असा ठरवला: उद्या वर्तमानपत्रात "अमुक लाख वर्षांपूर्वीच्या मानवाचे अवशेष सापडले" अशी बातमी आली, तर माझ्या विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. नेमकं काय सापडलं? कुठल्या थरात? वय कशावरून काढलं? आणि कोण असहमत आहे, का? बस. पंधरा प्रजातींची नावं पाठ नसली तरी चालतील.

आता मुलं येताना डोक्यात काय घेऊन येतात ते बघू. कोर्स आखणारा बहुतेक वेळा इथेच घसरतो, कारण तो पाटी कोरी आहे असं धरून चालतो.

पहिली गोष्ट: ते चित्र. वाकलेलं माकड, मग जरा ताठ, मग आणखी ताठ, शेवटी भाला घेतलेला माणूस. मूळ चित्र रुडॉल्फ झालिंगर यांनी १९६५ मध्ये टाइम-लाइफच्या एका पुस्तकासाठी काढलं. त्यानंतर ते टी-शर्टपासून गाईडच्या मुखपृष्ठापर्यंत सगळीकडे पोचलं. या चित्रातून मुलं शिडी शिकतात. मग प्रश्न येतोच: "सर, माकडापासून माणूस झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?" मी चाचणी घेतली तेव्हा हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला. याला हसू नका, शिडीचं चित्र खरं मानलं तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर नात्यात आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तो आजच्या चिंपांझीसारखाही नव्हता, आपल्यासारखाही नव्हता. चुलत भाऊ पुढे जाऊन आपण होत नाही, तो त्याच्या घरी त्याचा संसार करतो. ही भाषा आपल्या मुलांना लगेच पटते, कारण भाऊबंदकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट: दशावतार. "मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... म्हणजे उत्क्रांतीच ना?" हे मुलं प्रेमाने, थोड्या अभिमानाने विचारतात. इथे मी पहिल्या आराखड्यात गप्प बसायचं ठरवलं होतं, नको ती भानगड म्हणून. आता तो एक छोटा स्वाध्याय आहे. दोन रकाने करा. एका बाजूला अवतारकथा काय सांगते आणि कशासाठी सांगते, दुसऱ्या बाजूला उत्क्रांतीचा सिद्धांत काय सांगतो आणि कुठला पुरावा सापडला तर तो चुकीचा ठरेल. दुसऱ्या रकान्यातला शेवटचा प्रश्न पहिल्या रकान्याला लागूच होत नाही, हे मुलं स्वतःच लिहितात. श्रद्धेला धक्का देण्याची गरज पडत नाही आणि खोटी जुळवाजुळवही करावी लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते: रामापिथिकस. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा आहे. त्यात मानवाच्या वाटचालीची सुरुवात रामापिथिकसपासून होते. मुलांनी ते मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. संशोधनात मात्र चाळीसेक वर्षांपूर्वीच हे नाव मानवाच्या थेट पूर्वजांच्या यादीतून निघालं आहे. ही चूक दाखवून पाठ्यपुस्तकावर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण तिच्यामागची गोष्ट इतकी छान आहे की मी तिला पूर्ण आठवडा दिला.

गोष्ट अशी. १९३२ मध्ये येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस नावाचा तरुण शिवालिक टेकड्यांमध्ये, आताच्या हिमाचलमधल्या हरितल्यांगरजवळ, जीवाश्म शोधत होता. पीएच.डी.च करत होता, तुमच्या-माझ्यासारखा. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. दोन वर्षांनी त्याने त्याला रामापिथिकस असं नाव दिलं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हा प्राणी मानवाच्या शाखेतला, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा आपला पूर्वज, असं जोरात मांडलं. आधार काय? दात लहान आणि जबड्याची कमान माणसासारखी, मागे रुंदावत जाणारी. पण त्या तुकड्यात मधला भाग नव्हताच. कमान त्यांनी अंदाजाने पूर्ण केली होती.

१९६७ मध्ये बर्कलीला व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं की माणूस आणि आफ्रिकी वानर वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाली असावीत. मग १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा मानव-पूर्वज आला कुठून? जीवाश्मवाले म्हणाले, रक्ताच्या थेंबावरून इतिहास सांगता का! बरीच वर्षं हा वाद चालला. पुढे पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथिकसचा बऱ्यापैकी पूर्ण चेहरा मिळाला. पिलबीम यांनीच १९८२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. चेहरा सरळसरळ ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथिकस हा शिवापिथिकसचाच भाग ठरला, आपल्या शाखेतून बाहेर पडला, आणि पिलबीम यांनी आपलं आधीचं मत जाहीरपणे सोडलं.

कोर्समध्ये हे व्हिडिओने सांगायचं नाही. पहिल्या दिवशी मुलांना जबड्याच्या दोन तुकड्यांचं रेखाचित्र मिळतं, मधली जागा रिकामी. "कमान पूर्ण करा, वहीत काढा, फोटो पाठवा." कुणी इंग्रजी यू सारखी काढेल, कुणी रुंद काढेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कमानी एका पानावर परत मिळतात आणि प्रश्न विचारला जातो: पुरावा एकच असताना इतक्या वेगवेगळ्या कमानी कशा आल्या? गोष्ट तिसऱ्या दिवशी. डेटा लागतो एका फोटोपुरता.

आता जालन्याचं काय? मुलं म्हणतात, "हे सगळं आफ्रिकेतलं, आपल्याकडे काय आहे?" आपल्याकडे गंगा आहे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी.) जिल्ह्याची दक्षिण सीमा तीच. थोडं वर, पैठणच्या समोर, मुंगी गाव आहे. तिथल्या गोदावरीच्या जुन्या गाळात भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या ए. बी. विन यांना १८६५ मध्ये अकीकाचा एक घडवलेला छिलका मिळाला होता, लुप्त प्राण्यांच्या हाडांचे जीवाश्म देणाऱ्या थरातून. रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला पहिलं पुराश्मयुगीन हत्यार सापडलं ते ३० मे १८६३ रोजी. म्हणजे दोनच वर्षांच्या आत आपली गंगथडी या गोष्टीत आलेली आहे. पुढे १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं आणि मध्य पुराश्मयुगाच्या अवजारांना 'नेवासियन' हे नाव मिळालं. त्याच नेवाशाजवळ चिर्की इथे गुड्रुन कोर्विनस यांनी १९६० च्या दशकात हातकुऱ्हाडींच्या काळाचं मोठं स्थळ खोदलं.

इथे भूगोलाचा एक मुद्दा सांगायलाच हवा, कारण चाचणीत एका मुलाने उत्साहाने विहिरीच्या खडकात हाडं शोधायचा बेत सांगितला होता. आपला काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात माणूस सापडणं शक्यच नाही, तेव्हा माणूस नव्हता. शोधायचं असेल ते नदीने नंतर आणून टाकलेल्या गाळात आणि गोट्यांच्या घट्ट थरांत. पण बेसॉल्टने दुसरी मदत केली: त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, जास्पर तयार झाले, आणि मध्य पुराश्मयुगातली बरीच अवजारं याच दगडांची आहेत. लहानपणी अंधारात गारगोट्या घासून ठिणग्या पाडल्यात ना? तोच दगड.

म्हणून एक स्वाध्याय शेतातला. घराजवळच्या ओढ्यात पाच गारगोट्या बघा. निसर्गतः फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड यात फरक कसा करायचा, याची चित्रं दिलेली आहेत: आघाताची सपाट जागा, तिच्याखाली आलेला फुगवटा, एकाच कडेवर ओळीने काढलेल्या कपच्या. शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा, पण दगड तिथेच ठेवा. जागेवरून उचललेला दगड म्हणजे तारीख-वार नसलेलं पत्र. आणि गोदावरीच्या पात्रात एकट्याने जाऊ नका, विशेषतः जिथे वाळूचे हायवा उभे असतात तिथे. वाळू उपशाने काठांचे थरच्या थर उघडे पडतात आणि नाहीसेही होतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही रोजची हानी आहे. पण तो लढा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या अंगावर टाकायचा नाही, हे मी ठरवून ठेवलंय.

काळाचं मोजमाप हा आणखी एक अडथळा. मुलांना भोकरदन माहीत असतं. सातवाहन काळातलं भोगवर्धन, १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, हस्तिदंती मूर्ती मिळाली. त्यांच्या मते "खूप जुनं" म्हणजे ते, दोन हजार वर्षं. मग मी एसटी काढली. छत्रपती संभाजीनगर ते जालना साधारण ६० किलोमीटर. हा प्रवास म्हणजे ७० लाख वर्षं समजा, आणि जालना बसस्थानक म्हणजे आज. बदनापूर यायच्या आधीच इथिओपियातली ३२ लाख वर्षांपूर्वीची प्रसिद्ध 'ल्युसी' दिसते, जालना अजून २७ किलोमीटरवर असताना. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी जालन्यापासून सुमारे १३ किलोमीटरवर. आपल्या प्रजातीचे मोरोक्कोतले ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष अडीच किलोमीटरवर, म्हणजे गाडी गावात शिरताना. शेतीची सुरुवात ८५ मीटरवर. भोगवर्धनची भरभराट? १७ मीटर, म्हणजे गाडी फाटकातून आत आली. तुमचं-माझं ८० वर्षांचं आयुष्य ७० सेंटिमीटरही नाही. मुलांनी हे गणित स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर करायचं, आपापल्या गावापासून कॉलेजपर्यंत. हा स्वाध्याय कुणीही अर्धवट सोडला नाही.

आता वय ठरवण्याचा आठवडा. मंठ्याच्या मुलांना लोणार जवळचं, जिल्हा बुलढाणा असला तरी. लोणारचं विवर किती जुनं? तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं. आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! आणि दोन्ही आकडे रीतसर प्रसिद्ध झालेले. त्याच जातीचं, पण थेट मानवाशी जोडलेलं प्रकरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं बोरी, कुकडी नदीकाठचं. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी निगडित दगडी हत्यारं. १९८० च्या दशकाअखेर राखेचं वय १४ लाख वर्षं आलं. १९९५ मध्ये दुसऱ्या मोजणीत ६ लाख ७० हजार. आणखी काहींच्या मते ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. एकच राख, तीन वयं.

वर्गाचे तीन गट. प्रत्येक गटाला एका वयाच्या बाजूचा दोन पानी मराठी सारांश. आधी आपल्या गटात समजून घ्यायचं, मग गट मोडून नवे गट करायचे, प्रत्येकात तिन्ही बाजूंचा एकेक जण. तो आपली बाजू इतरांना शिकवतो. ही जिगसॉ पद्धत, ॲरनसन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये सुरू केली. शेवटी मत द्यायचं नाही. "हा वाद मिटवायला तुम्ही कुठला नमुना घ्याल आणि कुठली पद्धत वापराल?" एवढं चार ओळींत लिहायचं. आणि मग शिक्षक सांगतो की अत्तिरमपक्कमला २०११ मध्ये अगदी वेगळ्या पद्धतींनी १५ लाख वर्षांच्या आसपासचं वय आलं. त्यामुळे भारतात हातकुऱ्हाडी किती जुन्या, हा प्रश्न आता एकट्या बोरीवर टांगलेला नाही. काय शोधलं यापेक्षा वाद कसा पुढे सरकतो हे मुलांना इथे दिसतं.

एका आठवड्याबद्दल मी सगळ्यात जास्त घाबरलेला होतो. "मूळ" हा शब्द आपल्याकडे साधा नाही. मानवाचं मूळ म्हटलं की पुढचा प्रश्न असतो, "आमच्या समाजाचं मूळ कुठलं?" कुणाला अभिमानासाठी उत्तर हवं असतं, कुणाला अपमान धुवून काढण्यासाठी. मराठवाड्यातल्या वर्गात हे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. पण कवट्या मोजण्याचा स्वाध्याय देऊन गप्प बसलो, तर तो जुन्या वंशशास्त्राचाच स्वाध्याय होतो.

म्हणून या आठवड्यात इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला पीएच.डी.ला गेल्या. गाईड ऑइगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशधोरणाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते. फिशर यांची धारणा अशी की कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल वंशानुसार वेगळा असतो आणि युरोपीय माणसाची बुद्धी त्यातून दिसते. कर्वेंनी कवट्या मोजल्या. असमतोल सगळीकडे होता, वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही. त्यांनी तसंच लिहिलं आणि १९३० मध्ये पदवी घेऊन परत आल्या. परक्या देशात, गाईडच्या मताविरुद्धचा निष्कर्ष! सिनॉप्सिसमध्ये गाईडला आवडेल असा हायपोथेसिस लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं. पण गोष्ट इथेच संपवायची नाही. याच कर्वेंनी नंतर डेक्कन कॉलेजमध्ये असताना महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मापंही घेतली. ते काम आज कसं वाचायचं, मापातून समाज समजतो का, हा चर्चेचा प्रश्न आहे आणि त्याचं तयार उत्तर शिक्षकाच्या पुस्तिकेत मी दिलेलं नाही.

आता जे तुम्हाला खरं हवंय: यात संशोधन कुठे आहे? "मानवाच्या उगमावरील ऑनलाइन कोर्सची परिणामकारकता" हा विषय मी आधी लिहिला होता. असा विषय कमिटीसमोर न्याल तर पहिला प्रश्न येईल, कशाच्या तुलनेत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास पुढे केला. २२५ अभ्यासांचा एकत्र विचार, नुसत्या व्याख्यानात नापास होणारे ३३.८ टक्के, सहभागी पद्धतीत २१.८ टक्के. आकडे भक्कम आहेत. पण ते विज्ञान-गणित-अभियांत्रिकीच्या वर्गांचे. घनसावंगीच्या एका सामायिक मोबाईलवर चालणाऱ्या मराठी कोर्सला ते उसने घेता येत नाहीत. दुसऱ्याच्या शेतातल्या पिकावर आपला पीक विमा निघत नाही.

प्रश्न सापडला तो भाषेत. "उत्क्रांती" हा शब्द बघा. उत्कर्ष, उन्नती, उत्थान यांतला हा "उत्", वर जाणारा. शब्दातच शिडी आहे! डार्विनने सुरुवातीला वापरलेला शब्दप्रयोग "बदलांसह वंशपरंपरा" अशा अर्थाचा होता, त्यात वर-खाली काही नाही. "नैसर्गिक निवड" म्हटलं की मुलं विचारतात, निवड करतं कोण? निवडणारा लागतोच. "चाळण" म्हटलं तर हा प्रश्न कमी येतो, कारण चाळणी कुणाला पसंत करत नाही, भोकाच्या मापाने काही दाणे राहतात, काही पडतात. आणि आपल्या वाक्यरचनेतला "ने"! "जिराफाने मान लांब केली", "माणसाने शेपूट टाकली". कर्ता लगेच उभा राहतो, जणू जिराफाने एका सकाळी ठरवलं. तर माझा प्रश्न असा झाला: तोच मजकूर नेहमीच्या शब्दांत वाचणाऱ्या आणि बदललेल्या शब्दांत वाचणाऱ्या मुलांच्या गैरसमजांत फरक पडतो का?

आता तुलना आली. एकाच वर्गातल्या मुलांना चिठ्ठी टाकून दोन आवृत्त्या. नैसर्गिक निवडीच्या संकल्पना तपासणारी वीस प्रश्नांची एक चाचणी अँडरसन, फिशर आणि नॉर्मन यांनी २००२ मध्ये तयार केली आहे. ती मराठीत आणायची, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायची आणि जुळवून बघायची. गालापागोसच्या फिंच पक्ष्याचं उदाहरण इथे कळतं का, तेही तपासायचं. चाचणीत दोन्ही गटांना समान शब्द कुठले द्यायचे, हा गुंता अजून सुटलेला नाही. चाचणीत "उत्क्रांती" शब्द असेल तर एका गटाला तो ओळखीचा आणि दुसऱ्याला परका. सध्या तरी मी दोन्ही शब्द टाळून प्रसंगच वर्णन करतोय.

आणखी दोन गोष्टी कमिटी विचारणारच. संमती: मार्क देणारा शिक्षकच संमतिपत्र वाटत असेल तर "नाही" कोण म्हणेल? म्हणून संमती तिऱ्हाईताने घ्यायची आणि कोण सहभागी आहे हे निकाल लागेपर्यंत शिक्षकाला कळू द्यायचं नाही. दुसरं, गळती. ऑनलाइन कोर्सच्या शेवटी चाचणी देणारे कोण उरतात? ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे ते. उरलेल्यांचीच सरासरी काढली तर कोर्स छानच दिसणार. जीवाश्मांचंही हेच असतं: गाळात पटकन गाडली गेलेली हाडं टिकतात, उघड्यावरची जातात, आणि आपण टिकलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलतो. म्हणून पहिल्या दिवशीच फोन कुणाचा, किती वेळ मिळतो, हे विचारून ठेवायचं आणि सोडून गेलेल्यांना फोन करून कारण नोंदवायचं. कष्टाचं काम आहे, मान्य. पण त्या मुलीने पाठवलेल्या एका मेसेजमधून माझा अख्खा दुसरा आराखडा बदलला होता.

प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र साधी ठेवली आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ती रुजवली: प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावं, मग शेजाऱ्याला पटवावं, मग पुन्हा उत्तर. आमच्याकडे शेजारी म्हणजे गावातला किंवा फोनवरचा जोडीदार, आणि मधे एक पूर्ण दिवस, म्हणजे रेंज आणि फोन दोन्ही मिळेल.

पहिल्या सोमवारचा प्रश्न तयार आहे: "नर्मदाकाठी हथनोराला ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. आधुनिक माणसापूर्वीची अशी कवटी भारतात दुसरी मिळालेली नाही. दगडी हत्यारं मात्र हजारोंनी मिळतात. असं का असेल? अ) तेव्हा माणसं फार कमी होती. ब) हाडं आपल्या मातीत टिकत नाहीत. क) आपण नीट शोधलेलं नाही. ड) हत्यारं बाहेरून आली." चाचणीतल्या मुलांपैकी बहुतेकांनी अ निवडला. तुम्हीही एक पर्याय आधी वहीत लिहा, मग जोडीदाराला फोन लावा.